प्रतिसाद: लीप सेकंद आणि लिनक्स

लिनक्सचं घड्याळ लीप सेकंदाला (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद) २३:५९:६० दाखवतं, असं वर म्हटलंय. ते पटत नाही. लिनक्स पाळतं त्या युनिक्सच्या कालगणनेत दिवस ८६,४०० सेकंदांचाच असतो, साठाव्या सेकंदाला जागाच नाही. म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) घड्याळ एक सेकंद मागे घेतो आणि ५९वा सेकंद दोनदा येतो.

पण खरा घोळ त्या मागे घेण्यातच झाला होता. १ जुलै २०१२, रविवार, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, म्हणजे जागतिक वेळेनुसार मध्यरात्र; तेव्हाच लीप सेकंद घातला गेला. आमचे जावाचे सर्व्हर एकदम १०० टक्के सीपीयू खाऊ लागले. घड्याळ मागे गेल्याची खबर कर्नलने स्वतःच्याच टायमरना दिली नव्हती, त्यामुळे सेकंदाहून लहान टायमर लावल्याक्षणी संपत होते आणि प्रोग्राम थांबण्याऐवजी सतत फिरत राहिले. रीबूट न करता, डेट कमांडने आहे तीच वेळ पुन्हा सेट केली, त्याने टायमरना खबर मिळाली आणि सगळं शांत झालं.