वीर स्थानक : जपायचे ते नेमके काय?

सावित्रीकाठ : कोकण रेल्वेचा इतिहास सांगताना आपण पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा यांच्यापाशीच थांबतो, महाड तालुक्यातल्या वीर स्थानकाचे नाव सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः जून १९९३ मध्ये रोह्याहून वीरपर्यंत गाडी सुरू झाली आणि मार्च १९९५ मध्ये ती खेडला पोहोचेपर्यंत उत्तरेकडून येणाऱ्या या मार्गाचे शेवटचे टोक वीर हेच होते. या स्थानकाचे मूळ रूप जपावे आणि निदान एका खोलीत त्या काळचे नकाशे व छायाचित्रे मांडावीत, असे मला वाटते.

लाल_माती : असहमत. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरायला वास्तूचे वय किमान १०० वर्षे असावे लागते. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाची जपणूक समजू शकते. वीरचे वय ते काय? रोहा–वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले आणि त्या टप्प्यात तरी क्रॉसिंगसाठी ताटकळणे संपले. मूळ रूपाचा हट्ट धरला असता, तर हे होऊ दिले असतेत का? गणपतीत पोराबाळांसह पावसात उभ्या असलेल्या माणसाला फलाटावर छप्पर हवे असते, छायाचित्रे नव्हेत.

सावित्रीकाठ : दुहेरीकरणाचा मुद्दा मान्य, ‘मूळ रूप’ हे शब्द मी मागे घेतो, खोली मात्र नाही. माथेरानची गाडी २००५ च्या अतिवृष्टीत बंद पडली, तेव्हा तिची शंभरी भरायची होती. तरीही ती २००७ मध्ये पुन्हा धावू लागली. शंभर वर्षे थांबायचे, तर तोवर कागदांना वाळवी लागलेली असेल. (आमच्याकडच्या दमट हवेत तिला तेवढी वर्षेही लागत नाहीत.)

परतीचा_चाकरमानी : आपण दोघेही इमारतीभोवतीच फिरत आहात. या मार्गासाठी सुमारे ४२,००० जमीनधारकांकडून जमीन घेतली गेली, त्यांत आमचीही दोन भातखाचरे होती. बांधकामात प्राण गमावलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरीत आहे आणि ते योग्यच आहे. जमीन देणाऱ्यांची आठवण मात्र घरोघरच्या जुन्या सात-बाऱ्यांतच उरली आहे. खोली करायचीच असेल, तर नकाशांच्या आधी ते उतारे लावा.

लाल_माती : या खोलीला माझा विरोध नाही. मात्र ती प्रतीक्षालयाची जागा खाणार नाही, एवढे आधी ठरवा.