रोजच्या रस्त्यांचे, स्टेशनांचे फोटो: तुमच्याकडे आहेत का?

आज कुवारबावला, रत्नागिरी स्टेशनाबाहेर, रिक्षासाठी थांबले होते. स्टेशनाचा नवा दर्शनी भाग बघता बघता जुनं स्टेशनच डोळ्यांपुढे आलं. घरी येऊन कपाट उपसलं, तर आत्याला गाडीवर सोडायला गेलो होतो तेव्हाचा एक फोटो मिळाला. आत्या कोपऱ्यात अर्धीच आलीये, बाकी सगळं रिक्षास्टँड. आणि आज मला आत्यापेक्षा तो स्टँडच जास्त वेळ बघावासा वाटला!

रत्नागिरीचं स्टेशन म्हणजे इमारत वर आणि फलाट खाली. गाडीची घोषणा झाली की बॅगा सावरत उतरणारी माणसं मी नंतर मुद्दाम टिपत गेले. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण आमच्या अल्बमात त्या काळातलं गाडीचं काही म्हणजे काही नाही. मुंजी, बारशी, गणपती आणि भाट्याचा सूर्यास्त, बस्स. मारुती मंदिरावरून रोज कॉलेजला जायचे त्या रस्त्याचा एकही फोटो नाही, आणि आता तो रस्ता ओळखू येत नाही. म्हणून हल्ली समुद्राकडे पाठ करून फोटो काढते. झेरॉक्सचं दुकान, गडग्यावरचं शेवाळ, स्टॉपवर दप्तर पायाशी टाकून उभी असलेली पोरं.

तुम्ही कोणी काढता का असे? लिहा ना.

चिपळूणची_सून
२२ जुलै २०२१ चा पूर. आमच्याकडच्यांना पुढचं सांगायला नको. सासऱ्यांनी ॲग्फा क्लिकवर बाजारपेठेचे फोटो काढले होते. एका रोलात बाराच निघायचे, त्यामुळे प्रत्येक अगदी विचार करून काढलेला. पुरात अल्बम चिखलात गेला, फोटो एकमेकांना चिकटले. ओढून काढले नाहीत. स्वच्छ पाण्याच्या टबात सोडले, हळूहळू सुटे झाले, मग चित्र वर करून सावलीत वाळवले. कडा गेल्या, पण भांड्यांच्या दुकानाची पाटी आणि तिच्याखालचा हमाल शाबूत राहिला. त्या दुकानात प्रिंट नेऊन दिली तर मालक म्हणाले, "ही पाटी आजोबांनी रंगवून घेतलेली. आमच्याकडे तिचा फोटोच नव्हता."

खेर्डीवाला
ताई, सासर कुठे? आम्ही चिंचनाक्यापाशी होतो, पुरानंतर खेर्डीत आलो.

चिपळूणची_सून
अहो मग ओळख निघणार! व्यनि (खासगी निरोप) करते.

कुडाळचो_झिल
माका नुसत्या स्टेशनापेक्षा थयली माणसां आवडतत. गणपतीच्या आदल्या दिवशी कुडाळ स्टेशनार जावन उभे रवा. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोर, आणि न्हेवक इलेलो आजो छत्री घेवन डबो शोधता. पण फोटो काढूक येळ खय गावता? आधी सामान धरूचा लागता!

बांगडाफ्राय
मिरकरवाडा बंदरात मासे विकणाऱ्या मावशींना विचारलं, फोटो काढू का? म्हणाल्या, काढ, पण आधी वाटा घे. वाटा घेतला, फोटोही झक्कास आला. विचारून काढलं की माणसं मोकळी होतात, चोरून काढलेल्यात सगळे कपाळाला आठ्या घालून दिसतात.

लांजेकर
हायवेच्या कडेची जुनी झाडं कोणाकडे आहेत का? चौपदरीकरणाच्या आधीची. पाली, लांजा, कणकवली, कुठलीही चालतील. मी येताजाता बाईक थांबवून थोडी काढली. कणकवलीत आता उड्डाणपूल आहे, त्याखाली उभं राहून आधी कुठलं दुकान कुठे होतं ते पोरांना दाखवायचं म्हटलं तर फोटोच हवा.

सिलिका_जेल
थोडं अवांतर, पण पावसाळ्यात कॅमेरा कपाटात उघडा ठेवू नका रे. आपल्याकडच्या दमटपणात भिंगावर बुरशी धरते, एकदा काचेत रुजली की साफ करणं महाग. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवायचे, परत निळे होतात. कातडी केस डब्यात नको, तीच ओल धरते.

बांगडाफ्राय
आमच्याकडे त्या डब्यात पापड आहेत. आईशी बोलणी करावी लागतील.

उक्षीची_लेक
बाबा ट्रॅकमन होते. पावसाळ्यात दरडी, ओहोळ बघत रात्री रुळांवरून गस्त घालायचे. करबुडे बोगद्याचे फोटो पुष्कळ बघितले, साडेसहा किलोमीटरचा म्हणून सगळ्यांना कौतुक. पण रेनकोट चढवून, हातात बत्ती घेऊन ड्युटीवर निघालेल्या माणसाचा फोटो आमच्या स्वतःच्या घरातही नाही. त्या वेळी कॅमेरा घरी नव्हता. कोणी गाडीच्या खिडकीतून चुकून जरी टिपला असेल तरी इथे टाका. बाबाच हवेत असं नाही, कोणीही चालेल.

लांजेकर
उक्षीताई, माझ्याकडे विलवडे स्टेशनावर काढलेला एक आहे असं वाटतंय. निगेटिव्हच आहे. रत्नागिरीत निगेटिव्ह स्कॅन करून देणारं कोणी आहे का? की कोल्हापूरच गाठू?

चिपळूणची_सून
आधी घरीच बघा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं, त्याच्यापुढे निगेटिव्ह थोडी लांब धरायची, नाहीतर स्क्रीनचे ठिपके येतात. फोनने फोटो काढून रंग उलटे करा. चेहरा ओळखण्याइतपत नक्की येतो. रंगीत रोल असेल तर नारिंगी झाक कशी घालवायची ते रात्री लिहिते, कुकर झालाय.