केमोच्या काळात ध्यान: मराठी ऑडिओ हवा आहे

आईची (वय ६२) स्तनाच्या कॅन्सरसाठी दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे. स्टिरॉइड दिलेल्या रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. डॉक्टरांना सांगितलंय, त्यामुळे औषधांबद्दल विचारत नाहीये. श्वासावर लक्ष ठेवलं की तिला मळमळ उलट जास्त जाणवते. बॉडी स्कॅनमध्ये (ध्यानात शरीराच्या एकेका भागावर लक्ष नेतात ते) बोटांच्या मुंग्यांपाशी आलं की रडूच येतं बिचारीला. पंख्याच्या आवाजावर मात्र मन छान टिकतं. इंग्रजी समजत नाही, मांडी घालून बसवत नाही आणि पांढऱ्या पेशी कमी असल्याने संसर्गाच्या भीतीमुळे ध्यानाच्या वर्गाला नेता येत नाही. श्वासाऐवजी आवाजावर लक्ष ठेवायला शिकवणारं, पडून ऐकता येईल असं दहा-पंधरा मिनिटांचं मराठी ऑडिओ केमोच्या काळात कुणी वापरलंय का?