विक्कातली पौर्णिमा: मनाला शांती मिळते, मग आक्षेप कशाला?

यॉर्कशायरची_वीणा
इंग्लंडमध्ये विक्का पाळणाऱ्या मैत्रिणींमुळे मी दर पौर्णिमा पाळू लागले. ज्याला मनाची शांती हवी आहे, त्याने हे थट्टेवारी नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. विक्का म्हणजे आधुनिक चेटूकधर्म. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे १३ हजार लोकांनी हाच आपला धर्म नोंदवला. पौर्णिमेच्या बैठकीला 'एस्बॅट' म्हणतात. मंडळी जमली की वर्तुळ आखतात, चार दिशांना आवाहन करतात, 'चंद्र उतरवण्याच्या' विधीत पुजारणीत देवी येते असं मानतात आणि शेवटी केक-वाइनचा प्रसाद वाटतात.

मी एकटीच करते. मेणबत्ती, पाण्याचं भांडं, वही. भांड्यात चंद्र दिसेल अशी जागा धरायची आणि पाणी निवळेपर्यंत नुसतं बघायचं. वारा आला की चंद्राचे तुकडे होतात, पुन्हा थांबायचं. मग मनातून काय काढून टाकायचंय ते एका ओळीत लिहायचं. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधारतं आणि तेव्हाच पूर्वेला पूर्ण चंद्र वर येतो, तो सोळा तासांहून अधिक काळ आकाशात असतो. त्या काळवंडलेल्या महिन्यात मला त्याचा फार आधार वाटतो.

खगोलवेडा
वीणाताई, शांती मिळते हे मान्य. पण 'प्राचीन परंपरा' म्हणून हे जे सांगितलं जातं ते टिकत नाही. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनरने पुस्तक लिहून हा पंथ जगापुढे आणला. कुमारी, माता, वृद्धा अशी चंद्रकलांची त्रिदेवी रुजली ती रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९४८ च्या पुस्तकामुळे. महिन्यातून एकदा, शक्यतो पौर्णिमेला जमा, हा आदेश चार्ल्स लेलंडच्या १८९९ च्या 'आराडिया' या पुस्तकातला. रोनाल्ड हटनसारख्या इतिहासकाराने हे सगळं तपशिलाने मांडलंय. तुम्ही तासभर गप्प बसता म्हणून मन निवतं. त्यात देवी कशाला हवी?

यॉर्कशायरची_वीणा
नवं आहे हे मला ठाऊकच आहे. गार्डनरच्या गटातल्या पुजारीण डोरीन व्हॅलिएंट यांनी देवीचं आवाहन १९५० च्या दशकात नव्याने लिहिलं, आणि मला ते नवं आहे म्हणूनच जवळचं वाटतं. राहिलं गप्प बसणं. 'रोज दहा मिनिटं बसा' असं सांगून किती जण बसतात? पौर्णिमा पुढे ढकलता येत नाही. ऑफिसचं काम राहिलं तरी चंद्र उगवतोच, आणि मला उठून बाहेर जावं लागतं.

नाशिकच्या_काकू
अगं, मग संकष्टी काय वाईट होती? दिवसभर उपास, चंद्रोदयाची वेळ बघायची, अर्घ्य द्यायचं, मग जेवायचं. ढग असले तर त्या दिशेला हात जोडायचे. माझी सासू तेव्हा कुणाशी बोलायचीसुद्धा नाही. घरचं असताना बाहेर का जायचं हे मला खरंच कळत नाही.

यॉर्कशायरची_वीणा
काकू, संकष्टीला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण तिथे मी कुणाची तरी सून असते, घरादारासाठी मागते. इथे फक्त माझ्यासाठी बसते.

सातपुड्याचा_पाऊस
मला इतिहासाशी देणंघेणं नाही. मी नंदुरबारचा आहे. आमच्याकडे अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर गुरं दगावली, पोर आजारी पडलं की भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो: ही डाकीण. मग मारहाण होते, गाव सोडावं लागतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांना आजही पाड्यापाड्यावर फिरावं लागतं. विक्कात मंत्र-तोडगेही करतात. त्यामागची मनातली इच्छा दूरच्या माणसावर परिणाम करते, हे एकदा मानलं की भलं पाठवता येतं तसं वाईटही पाठवता येतं, हेही मानावं लागतं. आमच्याकडे बाया त्यावरच मरतात.

यॉर्कशायरची_वीणा
दादा, 'कुणाला इजा न होता हवं ते कर' हा विक्काचा मूळ नियम आहे.

सातपुड्याचा_पाऊस
ताई, नियम करणाऱ्याला पाळता येतो. जिच्यावर आळ येतो तिने काहीच केलेलं नसतं, तिने कुठला नियम पाळायचा?

यॉर्कशायरची_वीणा
याला माझ्याकडे उत्तर नाही. मंत्र-तोडगे मी कधी केले नाहीत, करणारही नाही, आणि जिथे ते विकले जातात तिथे तुमच्या बाजूने बोलेन. पौर्णिमेला मात्र बसणार.