अनुभव धागा: दोघंच, निवांत, ब्यूनोस आयर्स

शेवंती
काल माळा आवरताना कामाच्या मावशींनी विचारलं, "ताई, ही करवंटी टाकू का?" धावत गेले. करवंटी कुठली, मातेचा भोपळा तो! माते म्हणजे अर्जेंटिनातला चहा म्हणा. वाळक्या भोपळ्यात पाला भरायचा, गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं.

२०१७च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं ब्यूनोस आयर्सला बारा दिवस होतो. फक्त तिथेच. इग्वासूचा धबधबा नाही, पॅटागोनिया नाही. नणंद अजून ऐकवते. पण ह्यांचे गुडघे आणि माझा स्वभाव, दोघांनाही पळापळ झेपत नाही. उशिरा उठायचं, कोपऱ्यावर कॉफी आणि मेदियालुना (चंद्रकोरीच्या आकाराचा गोड क्रोसाँ) खायचा, मग जॅकरँडाखालून रमतगमत. नोव्हेंबरात फूटपाथ जांभळे होतात, आपल्या नीलमोहराखाली होतात तसे.

हे रेल्वेतून रिटायर. तिसऱ्या दिवशी रेतिरो स्टेशनात शिरलो ते फक्त बाथरूमसाठी. इमारत १९१५ची, छताचा लोखंडी सांगाडा लिव्हरपूलहून आणलेला. मी वर बघतेय आणि हे प्लॅटफॉर्मच्या कडेला ओणवे. एकदम ओरडले, "अगं, पाच फूट सहा इंच! आपलाच ब्रॉडगेज!" तिथल्या रेल्वेतही इंग्रजांचाच हात, गाड्या डावीकडूनच धावतात. त्यानंतर रोज तासभर तोच बाक.

बाकावर एक आजोबा भेटायचे, थर्मास काखेत. त्यांनी भोपळा भरून ह्यांच्या हातात दिला. हे संस्कारी, लगेच "ग्रासियास". पुढच्या फेरीला आजोबांनी ह्यांना वगळलं! हे तोंडाकडे बघत बसले. संध्याकाळी घरमालकीणबाईंनी उलगडा केला: भोपळा परत देताना ग्रासियास म्हटलं की "पुरे, आता नको". दुसऱ्या दिवशी हे तोंड शिवून बसले, सहा फेऱ्या प्यायले आणि रात्रभर टक्क जागे.

लिहा तुमचेही.

तंबोरा_मिरज
हे माते! आमच्याकडे भोपळ्यातून सूर काढतात, तिकडे चहा. ताई, ओला ठेवू नका, आत बुरशी धरते.

पिठलंप्रेमी
कोर्रियेन्तेस रस्त्यावर पिझ्झा खायला गेलो. शेजारचा माणूस पिझ्झ्याच्या तुकड्यावर एक पिवळी जाड पोळी ठेवून खातोय. बोट दाखवून मागवली. हरभऱ्याचं पीठ!! नाव फाइना. थापीव पिठलं भट्टीत खरपूस भाजलं तर जसं लागेल तसं. मूळ जेनोवाच्या इटालियन लोकांचं. वरून मिरपूड. बायको म्हणाली, लसूण-मिरची असती तर वडीच होती. आम्ही शाकाहारी, निम्मे दिवस त्यावरच काढले. कारण "मांस नको" म्हटलं की हॅम घालून आणतात. हॅम मांसात धरतच नाहीत हो!

लेकुरवाळी
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. ह्याने हनिमूनच्या दुसऱ्याच दिवशी मला नेलं कुठे, तर स्मशानात. रेकोलेता. आत गल्ल्या, चौक, संगमरवरी वाडे, काचेच्या दारामागे शवपेट्या. एव्हिता, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पेरोनची बायको, माहेरच्या दुआर्ते घराण्याच्या थडग्यात आहे, त्यामुळे पेरोन नाव शोधत आम्ही तीनदा त्याच गल्लीत. सासूबाईंना फोटो पाठवला तर म्हणाल्या, "देवळं छान आहेत गं." अजून खरं सांगितलेलं नाही. शिट्

तंबोरा_मिरज
शिट्टी झाली वाटतं.

खिसाफाटका
डिसेंबर २०२२. तीनशे डॉलर बदलले तर रबर लावलेली गड्डीच हातात आली. तेव्हा हजार पेसोंचीच नोट सगळ्यात मोठी. अर्धे पैसे हिच्या मोज्यात.
निवांत वगैरे काही नाही. १८ तारखेला अर्जेंटिनावाले फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकले, २० तारखेला संघ शहरात, देशाला सुट्टी. आमचा बेत होता सांता फे रस्त्यावरच्या त्या पुस्तकांच्या दुकानाचा. जुनं थिएटर आहे, रंगमंचावर कॅफे. कसलं काय, आम्ही सिग्नलच्या खांबाला धरून चार तास उभे. गर्दी इतकी की संघाची बस अडकली, शेवटी खेळाडूंना हेलिकॉप्टरने नेलं. एक अनोळखी काकू हिच्या गळ्यात पडून रडल्या. ही पण रडली. हिला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून माहीत नाही.

अंगणवाली
ब्राझीलमधलं साओ पाउलो चालेल का? रविवारी पाउलिस्ता रस्ता गाड्यांना बंद असतो. आम्ही मधोमध मांडी घालून शेंगदाणे खाल्ले. एवढंच.

शेवंती
चालेल की! तो खरा निवांतपणा.

उपासतापास
आमची संकष्टी आली होती तिथे. मी म्हटलं चंद्र दिसल्याशिवाय जेवणार नाही. अकराच्या पुढे उगवला, आणि ससा उलटा! खाली डोकं वर पाय. दक्षिण गोलार्ध ना. तिथी इथली धरायची की तिथली यावर आमचं भांडण झालं ते वेगळंच. पण उपास सोडायला एवढं सोयीचं गाव नाही, रात्री अकराला हॉटेलं भरलेली, पोरंटोरं जेवतायत. मोदक कुठून आणणार, अल्फाहोर दाखवला नैवेद्याला. दोन बिस्किटांमध्ये आटवलेलं गोड दूध.

पिठलंप्रेमी
त्यात अंडं असतं बहुतेक…

उपासतापास
आत्ता सांगताय दादा!! बाप्पा घेईल समजून.

खिडकीतून
सगळे हसताहेत म्हणून लिहू की नको असं झालं. गुरुवारी दुपारी साडेतीनला आम्ही प्लासा दे मायो चौकात होतो. लष्करी राजवटीत गायब झालेल्या मुलांच्या आया १९७७ पासून तिथे फेरी घालतात. पांढरे रुमाल, त्यावर निळ्या दोऱ्याने अक्षरं भरलेली. एका आजींच्या रुमालाचा काठ उसवला होता, चालता चालता त्या तो बोटाने आत दुमडत होत्या. आम्हीही मागून एक फेरी चाललो. नंतर दोघं बराच वेळ बोललो नाही.

तंबोरा_मिरज
_/\_

लेकुरवाळी
आले. भात लागला थोडा. खिडकीतून, बरं झालं लिहिलंत.

शेवंती
ह्यांना सगळं वाचून दाखवलं. खिडकीतून यांचं ऐकून चष्मा पुसला. मग म्हणाले, "गेज १६७६ मिलिमीटर असं लिही, फूट-इंच आता कोण म्हणतं?"
लिहिलं.