बाहेरचे सोर्स फोल्डर प्रकल्पाला लिंक करावेत, की त्यांची प्रत आत ठेवावी?

कारागीर (धागाकर्ता):

आमच्या चार जणांच्या गटात गेले दोन आठवडे एकाच प्रश्नावर मतभेद चालू आहेत. आम्ही पंप-नियंत्रकांचे फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम, लिहितो. तीन उत्पादनांचे तीन प्रकल्प आहेत आणि तिन्हींना लागणारा कोड, म्हणजे मीटरशी मॉडबसवर (उपकरणांच्या आपसांतल्या संदेशांची ठरलेली पद्धत) बोलणारा भाग आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर, ‘सामायिक’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात आहे. एडिटर एसटीएम३२क्यूबआयडीई, म्हणजे मुळात एक्लिप्सच. हा फोल्डर प्रत्येक प्रकल्पाला लिंक करावा, म्हणजे बाहेरच ठेवून प्रकल्पात फक्त त्याचा निर्देश द्यावा, की त्याची प्रत प्रकल्पाच्या आत ठेवावी, यावर गाडी अडली आहे.

मी लिंक करण्याच्या बाजूने आहे. पूर्वी आम्ही प्रतीच ठेवत होतो. परवा डिस्प्लेच्या ड्रायव्हरच्या तिन्ही प्रती शेजारी-शेजारी उघडल्या, तेव्हा रीसेटनंतर थांबण्याचा वेळ तिन्हींत वेगवेगळा निघाला आणि त्यांतला बरोबर कोणता हे सांगू शकणारा माणूस गटात उरलेला नव्हता. चूक एकदा दुरुस्त केली की ती सगळीकडे दुरुस्त झाली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

लिंक केलेला फोल्डर दुसऱ्याच्या संगणकावर सापडत नाही, हा नेहमीचा आक्षेप मला लिंक करण्याच्या पद्धतीवरचा वाटतो. फोल्डर प्रकल्पात ओढून आणला की एक्लिप्स विचारते की प्रत करायची, की लिंक, आणि लिंक करायची असेल तर ती कोणत्या ठिकाणाच्या सापेक्ष. तिथे घाईत ‘ओके’ दाबू नये. नंतर ‘.प्रोजेक्ट’ ही फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पाहावी. लिंकच्या नोंदीत सी ड्राइव्ह आणि तुमच्या लॉगिनचे नाव दिसले, तर ती लिंक फक्त तुमच्यापुरती आहे. त्याऐवजी ‘प्रकल्पाच्या एक पायरी वर’ असा अर्थ असलेले चल (व्हेरिएबल) तिथे असेल, तर दोन्ही फोल्डर शेजारी असलेल्या कोणत्याही संगणकावर ती चालते. पाथसाठी स्वतःचे चल बनवायचे असल्यास ते प्रकल्पाच्या पातळीवर बनवावे, कारण वर्कस्पेसच्या पातळीवर बनवलेले चल त्या संगणकावरच राहते आणि रेपोत, म्हणजे गिटने इतिहासासह सांभाळलेल्या सामायिक कोडसाठ्यात, कधीच पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तिने माझी एक अख्खी दुपार खाल्ली. लिंक केल्याने फोल्डर डावीकडच्या यादीत दिसू लागतो, पण तो कंपाइल होईलच असे नाही. आमच्या प्रकल्पात ‘कोअर’ आणि ‘ड्रायव्हर्स’ एवढेच फोल्डर सोर्स म्हणून नोंदलेले होते. प्रकल्पाच्या सेटिंगमधल्या ‘पाथ्स अँड सिंबल्स’मध्ये जाऊन नवा फोल्डर सोर्सच्या यादीत आणि त्याच्या हेडर फाइलींचा पाथ इन्क्लूडच्या यादीत, असे दोन्हीकडे नोंदवल्यावरच लिंकरची (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार थांबली.

वाटसरू:

पाथचे विवेचन बिनचूक आहे, परंतु पाथ तुटणे हा लिंकचा किरकोळ दोष आहे. तुटलेला पाथ लगेच ओरडून सांगतो. मला भीती वाटते ती न तुटलेल्या लिंकची.

मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे मॉडबसचा कोड असाच लिंक केलेला होता. मॉडबस आरटीयू या मॉडबसच्या प्रकारात साडेतीन अक्षरांइतकी शांतता पडली की संदेश संपला असे मानतात. ९६०० बॉडला (इथे बॉड म्हणजे दर सेकंदाला जाणारे बिट), एका अक्षराचे ११ बिट धरले, तर ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची होते. १९२०० च्या वरच्या वेगांना मात्र १.७५ मिलिसेकंद हा ठरावीक आकडा वापरावा अशी शिफारस आहे. एका सहकाऱ्याने १,१५,२०० बॉडच्या नव्या उत्पादनासाठी सामायिक फाइलीत तो आकडा थेट लिहिला. त्याच्या उत्पादनापुरते ते योग्यच होते. महिन्याभराने आम्ही ९६०० बॉडच्या जुन्या उत्पादनाचे, फक्त आवृत्तीचा क्रमांक बदलून, नवे बिल्ड काढले. जे मीटर दोन अक्षरांच्या मध्ये किंचित थांबत होते, त्यांचे संदेश अर्ध्यातच तोडले जाऊ लागले.

चूक कोणाचीही होऊ शकते. पण जुन्या उत्पादनाच्या रेपोचा इतिहास उघडला, तर त्यात क्रमांकाच्या एका ओळीखेरीज काहीही बदललेले नव्हते. लिंकच्या पलीकडे काय आहे याची नोंद त्या रेपोत नसतेच. आधीच्या महिन्यात ग्राहकाला दिलेले बिल्ड नेमके कोणत्या कोडमधून निघाले होते, हे आम्हाला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही. तीन प्रतींत फरक पडतो हे मान्य, पण तो फरक निदान डोळ्यांसमोर ठेवून पाहता येतो.

अक्षांश:

दोघांचेही म्हणणे पटते, आणि म्हणूनच लिंक की प्रत ही निवडच अपुरी आहे असे वाटते. ‘सामायिक’चा स्वतंत्र रेपो करा आणि तो प्रत्येक प्रकल्पात गिटचा सबमोड्यूल, म्हणजे रेपोच्या आत बसवलेला दुसरा रेपो, म्हणून घ्या. सबमोड्यूलमध्ये मुख्य रेपो बाहेरच्या कोडचा नेमका कमिट (इतिहासातली एक ठरावीक अवस्था) नोंदवून ठेवतो. वाटसरू यांच्या प्रसंगात जुने उत्पादन जुन्याच कमिटवर राहिले असते, आणि कोणी ते पुढे सरकवले असते तर ती सरकवासरकव इतिहासात दिसली असती. फोल्डर प्रकल्पाच्या आतच येत असल्यामुळे एक्लिप्सच्या लिंकची गरजही उरत नाही.

एडिटर बदलला तरी मुद्दा तोच राहतो. व्हीएस कोडमध्ये २०१७ पासून एका वर्कस्पेसमध्ये अनेक फोल्डर उघडता येतात, आणि ती सोय मी रोज वापरतो. पण ती वाचण्याची, शोधण्याची आणि संपादनाची सोय आहे, बिल्डला तिची कल्पनाही नसते. सी आणि सी++ च्या एक्स्टेन्शनमध्ये इन्क्लूडचा पाथ भरला की लाल रेघा जातात, म्हणून अनेकांना काम झाले असे वाटते, आणि कंपाइलर मात्र तीच हेडर फाइल सापडत नाही म्हणतो, कारण त्याला तो पाथ मेकफाइलमधून किंवा सीमेकमधून मिळायला हवा असतो.

वाटसरू:

अक्षांश, सबमोड्यूलला माझा विरोध नाही, पण त्याची किंमत आपण कमी धरता आहात. नवा मुलगा साधे क्लोन करतो, म्हणजे रेपो आपल्या संगणकावर उतरवतो, आणि त्याला रिकामा फोल्डर मिळतो. जुना माणूस सबमोड्यूलच्या आत थेट दुरुस्ती करतो, मुख्य रेपो पुश करतो (सर्व्हरवर पाठवतो) आणि आतला कमिट पुश करायला विसरतो, त्यामुळे नोंदवलेला कमिट इतरांना मिळतच नाही. चार जणांच्या गटात ही शिस्त कोण पाळून घेणार?

शिवाय चिप उत्पादकाचा एचएएल कोड (चिपचे हार्डवेअर हाताळणारी तयार लायब्ररी) तरी प्रतीनेच घ्यावा. क्यूबएमएक्स या त्याच उत्पादकाच्या साधनात कोड तयार करताना सगळ्या लायब्ररींची प्रत, आवश्यक तेवढ्याच फाइलींची प्रत, किंवा नुसता संदर्भ, असे पर्याय असतात. संदर्भ निवडला तर प्रकल्प प्रत्येकाच्या संगणकावर उतरवलेल्या पॅकेजवर अवलंबून राहतो. तो कोड आपण बदलत नाही, मग त्याची प्रत ठेवण्यात नुकसान काय?

आणि लिंकबाबत एक धोका कोणीच लिहिला नाही, तो लिहितो. एक्लिप्समध्ये लिंक केलेला फोल्डर डिलीट केला तर फक्त लिंक जाते, मूळ फोल्डर सुरक्षित राहतो. पण त्याच फोल्डराच्या आतली एखादी फाइल डिलीट केली, तर डिस्कवरची खरी फाइल जाते आणि ती तिन्ही प्रकल्पांतून जाते. यादीत दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्याच दिसतात.

कारागीर (धागाकर्ता):

आतली फाइल खरोखर जाते, हे मी आत्ताच एका रिकाम्या प्रकल्पात करून पाहिले.

एचएएलच्या बाबतीत वाटसरू यांचे म्हणणे स्वीकारतो, तो कोड प्रत म्हणूनच राहील. आमच्या स्वतःच्या कोडच्या बाबतीत मात्र प्रतीकडे परत जाणे मला अजूनही मान्य नाही. मॉडबसच्या प्रसंगात दोष मला सामायिक कोडचा वाटत नाही, तो त्या आकड्याचा वाटतो. शांततेचा वेळ बॉडवरून काढणारे फंक्शन तिथे असते, तर दोन्ही उत्पादने त्याच फाइलीवर चालली असती. पण ग्राहकाला दिलेले बिल्ड कशातून निघाले हे सांगता येत नाही, या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि नुसत्या लिंकने ते कधीच मिळणार नाही.

म्हणून सोमवारी एका प्रकल्पात सबमोड्यूल घालून पाहतो. क्लोनची पूर्ण आज्ञा ‘वाचा’ फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहीन. आतला कमिट पुश झाला नसेल तर मुख्य रेपोचा पुश अडवावा, अशी सेटिंग गिटमध्ये आहे, ती चारही संगणकांवर लावीन. अक्षांश, तीन उत्पादनांपैकी एकच पुढच्या कमिटवर न्यायचे ठरले, तर तो निर्णय तुमच्याकडे उत्पादन सांभाळणारा घेतो, की सामायिक कोड सांभाळणारा? आमच्याकडे पुढचा वाद त्यावरच होणार आहे.