मदत हवी आहे: कोलकात्यात आई-बाबांसोबत कुठे उतरावं?

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन चार दिवस कोलकात्याला चाललोय. बाबांना जुन्या वास्तूत राहायची भारी हौस. सदर स्ट्रीटवरचं फेअरलॉन त्यांच्या मनात भरलंय. इमारत १७८३ची, इंडियन म्युझियम हाकेच्या अंतरावर. मलाही ते आवडलंय, पण आईच्या गुडघ्यांची काळजी वाटते. मागे एका जुन्या वाड्यातल्या हॉटेलात लाकडी जिना इतका उभा होता, की ती भिंतीला हात टेकत एकेक पायरी आडवी उतरायची. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

फेअरलॉनला कुणी राहिलंय का? तळमजल्यावर खोली मिळते का? रात्री रस्त्याचा गोंगाट कितपत येतो? की कालीघाट मेट्रोजवळ लिफ्ट असलेलं साधं, स्वच्छ हॉटेल बरं? बजेट रोजचं सहा हजारांपर्यंत. स्वतः राहिलेल्यांनी कृपया जरूर सांगा.